बॅन मागण्याआधी मोजा : आपल्या गटातल्या फॉरमॅटची तब्येत तपासायची रीत

सलग दोन रविवार एकच डेक (खेळाडूने आधीच रचून आणलेला कार्डांचा गठ्ठा) पहिला आला, की तिसऱ्या रविवारी तर्री-पोह्यांच्या गाडीवर ठराव तयार असतो : “भाऊ, हा डेक बॅन करा, नाहीतर फॉरमॅट संपला समजा.” नागपुरात आमचा गट पॉपर खेळतो, म्हणजे मॅजिक : द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा फक्त कॉमन (सगळ्यात सहज सापडणाऱ्या) कार्डांचा फॉरमॅट, खेळायचा ठरलेला प्रकार. हा ठराव आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो. एकदा आम्ही तो मान्यही केला. कार्ड बंद झालं, आणि दीड महिन्याने कळलं की जिंकत होता तो डेक नव्हे, डेक चालवणारा पोरगा. त्याने दुसरा डेक उचलला आणि तो जिंकतच राहिला.

चूक एकच होती. औषध आधी दिलं, नाडी नंतर पाहिली. म्हणून ही रीत क्रमाने लिहितो आहे, आणि क्रम मोडू नका. पोकेमॉन किंवा यू-गी-ओ खेळणाऱ्यांनाही ती चालेल. पोकेमॉनमध्ये साईडबोर्ड (दोन गेमच्या मधे डेकमध्ये घालता येणारी राखीव कार्डं) नसतो, तेवढा भाग गाळायचा.

टप्पा १ : “बिघडला” म्हणजे नक्की काय, ते आधी लिहा

मोजणी सुरू होण्यापूर्वी गटाने बसून ठरवायचं की कोणता आकडा आला तर फॉरमॅट आजारी म्हणायचा. नंतर ठरवलं तर प्रत्येक जण आपल्याला नावडत्या डेकच्या मापाचा निकष शिवून आणतो. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पाच प्रश्न आहेत :

१. एखाद्या डेकचा मैदानातला वाटा सलग आठ रविवार ३० टक्क्यांच्या वर आहे का?
२. मिरर सामने (दोन्हीकडे एकच डेक) वगळून त्याच्या विजयाचं प्रमाण इतकं वर आहे का, की नशिबाची सूट दिली तरी ५० च्या वरच राहतं?
३. त्याच्याविरुद्ध बरोबरीने किंवा सरस खेळणारे किमान दोन डेक आहेत का?
४. पहिली चाल मिळाली म्हणजे गेम मिळाला, अशी स्थिती आहे का?
५. सामने वेळेत संपतात का?

३० टक्के हा आकडा कुठून आला? कुठून नाही, आम्ही तो ठरवला. बारा जणांच्या गटात चार जण एकच डेक आणू लागले की कंटाळा येतो, एवढाच त्यामागचा हिशेब. तुमचा गट मोठा असेल तर आकडा खाली आणा. पण मोजणी सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका.

*तपासा :* पाचही निकष गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकून सगळ्यांचा होकार घेतला का? “मी तेव्हा नव्हतो” ही तक्रार नंतर हमखास येते.

टप्पा २ : काळ निवडा आणि गोठवा

आठ रविवार हा किमान काळ. मधे नवा सेट (खेळात येणाऱ्या नव्या कार्डांचा संच) आला तर मोजणी तिथेच थांबवा. आधीचे आणि नंतरचे रविवार एकत्र करू नका, ते दोन वेगळे फॉरमॅट असतात.

नागपूरकरांना एक वेगळी अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, परीक्षा आटोपून होस्टेलची मुलं गावी जातात आणि बाराचे सात उरतात. राहिलेल्या सातांत तीन जुने खेळाडू असतात, त्यामुळे उन्हाळ्यातले आकडे भलतंच काही सांगतात. दिवाळीच्या सुट्टीचंही तेच. आम्हाला जुलै ते सप्टेंबर बरा पडतो. पोळा-गणपतीत एखादा रविवार बुडतो, तो पुढे ढकलायचा.

आता प्रॉक्सीचा, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी वापरायच्या प्रतीचा प्रश्न. मोजणीच्या काळात प्रॉक्सी चालू द्या, हे माझं ठाम मत आहे. सुटी कार्डं इथे सहज मिळत नाहीत. बाहेरून मागवावी लागतात, नाहीतर कुणी परदेशातून येईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे मोनो रेडचा (नुसत्या लाल कार्डांच्या डेकचा) वाटा ३५ टक्के दिसला तर तो डेक जबरदस्त आहे, की फक्त स्वस्त आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. बर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून काळी-पांढरी प्रत काढा, स्लीव्हमध्ये साध्या कार्डापुढे सरकवा, झालं.

*सावध :* अधिकृत नोंद होणाऱ्या स्पर्धेत प्रॉक्सी चालत नाही, तिथे खरीच कार्डं लागतात. मोजणीचे रविवार अनौपचारिक ठेवा. घरच्या बॅनचंही तसंच आहे, अधिकृत स्पर्धेची यादी तुम्ही बदलू शकत नाही.

टप्पा ३ : चिठ्ठी आणि डेकची नावं

प्रत्येक सामन्याला एक चिठ्ठी. तीत एवढंच :

- तारीख आणि फेरी
- दोन्ही खेळाडूंचे क्रमांक (नावं नकोत, का ते पुढे येईल)
- दोन्ही डेक
- पहिल्या गेममध्ये पहिली चाल कुणाची
- प्रत्येक गेमचा निकाल वेगळा
- सामना वेळेत संपला की जादा टर्नपर्यंत गेला
- एका शब्दात शेवट : स्क्रू (मॅना, म्हणजे कार्डं खेळायची ऊर्जा, देणारे लँड आलेच नाहीत), फ्लड (नुसते लँडच आले), कॉम्बो (ठरावीक कार्डं जुळली आणि गेम संपला), मैदान हातातून गेलं, वगैरे

चिठ्ठी दोघांनी मिळून भरायची आणि फेरी संपताच द्यायची. संध्याकाळी आठवून भरलेली चिठ्ठी फाडून टाका. हरलेल्याला प्रत्येक गेममध्ये आपण स्क्रू झालो होतो असंच आठवतं.

खरा घोळ डेकच्या नावांत होतो, म्हणून इथे जरा थांबू या. समजा, तीन जण निळा-काळा टेरर खेळतात, दोघे निळा-लाल टेरर, आणि एक जण नुसता निळा. ही तीन नावं लावली तर कोणताच डेक मोठा दिसत नाही. सहाही जणांना “निळे डेक” म्हटलं तर अर्धं मैदान निळं होतं आणि बोंब सुरू होते. आकडे तेच, नावं बदलली की निकाल बदलला. यातून निघायला आमचा नियम असा : दोन याद्यांमध्ये लँड सोडून निदान दोन-तृतीयांश कार्डं सारखी असतील *आणि* जिंकायची वाटही एकच असेल, तर नाव एक. एवढं जुळत नसेल तर नावं दोन. निर्णय एकाच माणसाने घ्यायचा, आणि तो त्या डेकचा चाहता किंवा वैरी नसावा.

आणि नाव पहिल्या रविवारी याद्या जमा करून ठेवायचं, शेवटी निकाल बघून नाही. कुणी मधेच दहा-बारा कार्डं बदलली तर यादी पुन्हा द्यायची.

*तपासा :* पहिल्या रविवारच्या चिठ्ठ्या हातात घ्या आणि त्या दिवशी न आलेल्या कुणाला विचारा, “यावरून सगळं कळतं का?” दोन चिठ्ठ्यांना तो अडखळला, तर तुमच्या चिठ्ठीतच काहीतरी राहिलंय.

टप्पा ४ : आठ रविवार खेळा, मधे हिशेब उघडू नका

बारा जण, चार फेऱ्यांचं स्विस (कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात), तीनातले दोन गेम, फेरीला ५० मिनिटं. एका रविवारी २४ सामने, आठ रविवारांत १९२. मधली आवराआवर धरून चार तास लागतात, म्हणजे दोनला सुरू केलं तर सहापर्यंत सगळे मोकळे.

या काळात गटावर आकडे टाकायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी “अफिनिटी (आर्टिफॅक्ट, म्हणजे वस्तू-यंत्रांच्या कार्डांचा डेक) ६५ टक्के” असं कुणी लिहिलं की चौथ्या रविवारी चौघे अफिनिटी घेऊन येतात आणि बाकीचे आठ जण सगळा साईडबोर्ड तिच्यावर रोखतात. मोजणी तिथेच वाया गेली.

पहिली चाल नाण्याने किंवा फाशाने ठरवा, “तू कर बे पहिले” असं नको. आणखी एक बारीक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली : कूलरच्या तोंडासमोरचं टेबल बंद ठेवा. कार्डं उडतात हे खरंच, पण ओलसर हवेने फॉइल (चकचकीत) कार्डं वाकतात आणि मग डेकच्या गठ्ठ्यात ती कुठे आहेत हे पाठीवरूनही ओळखू येतं. वाकलेल्या फॉइलांचा डेक चार रविवार “नशीबवान” ठरला होता आमच्याकडे. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण चिठ्ठ्या बाद कराव्या लागल्या.

टप्पा ५ : चिठ्ठ्या निवडा

तांदूळ निवडतो तशा. टक्केवारी काढण्याआधी हे बाजूला काढा :

*बाय.* प्रतिस्पर्धीच नव्हता, तर विजय कसला.

*ठरवून केलेली बरोबरी आणि सोडून दिलेले सामने.* शेवटच्या फेरीत हे जास्त होतं. कुणाला मेट्रो पकडायची असते, कुणाला घरून फोन आलेला असतो.

*मिरर.* दोन्हीकडे एकच डेक असेल तर एक जिंकतो आणि एक हरतो, म्हणजे प्रमाण नेहमी ५०. हे सामने ठेवले तर जोरदार डेकचा आकडा मधोमध ओढला जातो, आणि डेक जितका लोकप्रिय तितका जास्त ओढला जातो. अर्ध्या मैदानाकडे असलेला डेक इतरांविरुद्ध ६० टक्के जिंकत असेल तर मिररसकट तो ५५ च दिसेल. दोष लपायला ही हक्काची जागा.

स्विसचाही एक खोडसाळपणा लक्षात असू द्या. पुढच्या फेऱ्यांत जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशीच पडते, म्हणून चांगल्या डेकला तिसऱ्या-चौथ्या फेरीत कठीण प्रतिस्पर्धी मिळतात आणि त्याचं प्रमाण उतरतं. पहिल्या फेरीतल्या जोड्या मात्र चिठ्ठ्या टाकून होतात. म्हणून पहिल्या फेरीचा आकडा वेगळा काढून शेजारी लिहा. दोन्हीत मोठी तफावत असेल तर थांबून विचार करा.

*सावध :* फक्त चारही सामने जिंकलेल्यांच्या याद्या मोजून “मेटा” (कोणते डेक किती चालतात ते चित्र) सांगू नका. तो डेक घेऊन पाच जण आले होते आणि चौघे आपटले, हे त्या यादीत कुठे दिसतं? मॅजिक ऑनलाईनवरच्या ५-० लीग याद्यांबाबत (पाचही सामने जिंकलेले डेक) तर दुप्पट सावध राहा. तिथे सगळ्या याद्या छापत नाहीत, एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या असतील त्याच छापतात. त्या पाहून फॉरमॅट रंगीबेरंगी वाटणारच, छापतानाच तसा निवडलेला असतो. वाट्याचा अंदाज हवा असेल तर तिथल्याच चॅलेंज स्पर्धांचे निकाल पाहा.

टप्पा ६ : टक्केवारी, आणि तिची सूट

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, त्यामुळे उदाहरण सविस्तर घेऊ.

एक डेक तिघे जण आठही रविवार खेळले. तीन गुणिले चार फेऱ्या गुणिले आठ, म्हणजे ९६ नोंदी. त्यात मिररच्या १८ (नऊ सामने, प्रत्येकी दोन नोंदी). उरल्या ७८. त्यातल्या ४५ विजय. प्रमाण ५७.७ टक्के.

“अठ्ठावन्न टक्के! बॅन!” नाही, थांबा. आता सूट काढा. कामचलाऊ सूत्र सोपं आहे : १ भागिले सामन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. ७८ चं वर्गमूळ ८.८, म्हणून सूट साधारण ११ टक्के. म्हणजे डेकचं खरं बळ ४६ ते ६९ यांमध्ये कुठेही असू शकतं. ४६ म्हणजे हरणारा डेक, ६९ म्हणजे राक्षस. आठ रविवार घाम गाळून आपल्याला एवढंच कळलं, आणि हे मान्य करायला धीर लागतो.

हीच सूट तोंडपाठ करा : २५ सामन्यांना २० टक्के, १०० ला १०, ४०० ला ५. म्हणजे ५५ टक्के जिंकणारा डेक ५० पेक्षा वरचा आहे असं म्हणायला ४०० सामने हवेत. वरच्या गतीने, आठवड्याला दहाएक नोंदी धरल्या, तर त्याला ४१ रविवार लागतील, आणि तोवर चार नवे सेट येऊन जातील. लहान गटाला फक्त मोठा बिघाड दिसतो. बारीक बिघाड दिसला असं कुणी सांगत असेल तर तो त्याचा अंदाज आहे, मोजणी नाही.

दुसरी घसरण : दहा डेक तपासले की त्यातला एखादा निव्वळ नशिबानेही रेषेवर जातो. सगळे डेक अगदी समान असले तरी दहांतला निदान एक “सूट धरूनही ५० च्या वर” दिसण्याची शक्यता पाचात एक इतकी असते. म्हणून जो डेक वर आला, त्याची पुढचे चार रविवार *नवी* मोजणी करा, जुने आकडे न मिसळता. तिथेही वर राहिला, तर बोला.

मॅचअपचा (कोणता डेक कुणाविरुद्ध किती जिंकतो याचा) तक्ता करायची हौस सगळ्यांना असते. करा, पण दहा डेकांचा तक्ता म्हणजे ४५ घरं, आणि १९२ सामने त्यांत वाटले तर घरटी चार. चारांतले तीन जिंकले म्हणून “७५ टक्के मॅचअप” लिहिणाऱ्याला मी तरी पोह्यांचे पैसे भरायला लावतो. त्यापेक्षा डेकांचे चार गट करा : वेगवान, टेम्पो-कंट्रोल (समोरच्याला अडवत खेळणारे), बिग मॅना (भरपूर मॅना जमवून मोठी कार्डं टाकणारे), कॉम्बो. मग घरं सहा राहतात आणि प्रत्येकात पंचवीसेक सामने येतात. तरी सूट २० टक्के आहेच, पण कोण कुणाला खातो याची दिशा कळते. वेगवान डेक बिग मॅनाला, बिग मॅना कंट्रोलला, आणि कंट्रोल वेगवानांना असं चक्र फिरत असेल, तर एखाद्याचा वाटा मोठा असूनही घाबरायचं कारण नाही. चक्र तुटून सगळे बाण एकाच दिशेने जात असतील, तर मात्र बघावं लागेल.

पहिल्या चालीसाठी *फक्त पहिला गेम* मोजा. मॅजिकमध्ये पुढच्या गेमला हरलेला सुरुवात निवडतो, म्हणजे तिथे पहिली चाल बहुधा त्या दिवशीच्या कमजोर बाजूकडे जाते आणि आकडा गढूळ होतो.

*तपासा :* साईडबोर्डापूर्वीचे आणि नंतरचे गेम वेगळे मांडले का? पहिला गेम ६५ टक्के आणि पुढचे ४८ टक्के जिंकणारा डेक आजारी नाही. त्याच्यावर औषध आहे आणि लोक ते घेतायत. पहिला ५८ आणि पुढचेही ६० असेल, तर औषध लागू पडत नाही.

टप्पा ७ : माणूस आणि डेक वेगळे करा

खेळाडूंचे क्रमांक घेतले ते यासाठी. प्रत्येक खेळाडूचं त्या डेकसह आणि इतर डेकसह विजयाचं प्रमाण शेजारी शेजारी लिहा. एखादा पोरगा त्या डेकने ७० टक्के जिंकतो आणि दुसऱ्या कुठल्याही डेकने ६८, तर डेकचं योगदान दोन टक्के. बाकी त्याची मेहनत. क्रमांक यासाठी की नाव दिसलं की चर्चा डेकवरून माणसावर जाते, आणि मग ती संपत नाही.

पण लोक डेक बदलतच नाहीत, ही खरी अडचण. त्यावर आम्ही “अदलाबदल रविवार” काढला : सगळे डेक टेबलावर, चिठ्ठी टाकून जो येईल तो खेळायचा. पहिल्या अर्ध्या तासात शिव्याशाप होतात, पण नंतर गंमत येते. आठ रविवारांत असे दोन पुरेत. संशयित डेक नवख्या हातातही पळत असेल तर ती गंभीर खूण. तो फक्त एकाच हातात पळत असेल, तर त्या हाताला चहा पाजा आणि साईडबोर्ड कसा करतो ते शिकून घ्या.

*सावध :* अदलाबदलीचे सामने मुख्य १९२ मध्ये मिसळू नका. ते वेगळ्या पानावर. मुख्य आठ रविवार पूर्ण व्हायला हवेत, म्हणून हे दोन जादा धरा.

टप्पा ८ : आकड्यांत न मावणारं

काही फॉरमॅट आकड्यांनी ठणठणीत असतात आणि तरी लोक यायचे बंद होतात. २०१३ साली मॉडर्न या मॅजिकच्याच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेकंड सनराइज हे कार्ड बॅन झालं, त्यात त्या “एग्ज” डेकचे लांबत जाणारे टर्न हे मोठं कारण होतं. एक जण एकटाच वीस मिनिटं खेळतो, समोरचा बघत बसतो आणि अख्खी स्पर्धा खोळंबते. पोकेमॉनमध्येही २०१५ ला लायसँडर्स ट्रम्प कार्ड बंद झालं. टाकून दिलेली कार्डं डेकमध्ये परत जायची आणि खेळ संपायचं नाव घेत नव्हता.

म्हणून चिठ्ठीतला वेळेचा रकाना वाचा, आणि हरलेल्याला एकच प्रश्न विचारा : “असा एखादा टर्न होता का, जिथे वेगळं खेळला असतास तर जिंकला असतास?” “हो” म्हणणारा पुढच्या रविवारी येतो. दहापैकी आठ जण एकाच डेकविरुद्ध “नाही” म्हणत असतील, तर त्या डेकचं प्रमाण ५१ असलं तरी ते वहीत लिहा.

टप्पा ९ : उपचार, सौम्याकडून कडककडे

इथवर आलात आणि पहिल्या पानावरचा निकष खरंच ओलांडला गेलाय, तर खालच्या क्रमाने जा. पायरी गाळू नका.

*पहिली पायरी, साईडबोर्ड.* सगळ्यांच्या पंधरा-पंधरा कार्डांच्या याद्या मागवा. आमच्याकडे अफिनिटीची बोंब असताना याद्या पाहिल्या, तर बाराजणांत मिळून तिच्यावरची कार्डं होती सात, त्यात चार गोरिला शामन. इथे कार्ड नीट वाचायला हवं. गोरिला शामन आर्टिफॅक्ट लँड नष्ट करतो, पण २०२१ च्या मॉडर्न होरायझन्स २ या सेटमधले दुरंगी आर्टिफॅक्ट लँड नष्टच होत नाहीत. तिथे डस्ट टू डस्ट हवं, कारण ते नष्ट करत नाही, खेळाबाहेर काढतं, आणि एका दमात दोन. लालवर हायड्रोब्लास्ट आणि वेदर द स्टॉर्म, निळ्यावर पायरोब्लास्ट, ग्रेव्हयार्डवर (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगावर चालणाऱ्या डेकवर) रेलिक ऑफ प्रोजेनिटस किंवा नाइहिल स्पेलबॉम्ब. हे सगळं कॉमनच आहे. कार्डं नसतील तर गटाने मिळून एक सामायिक डबा करा, रविवारी उसनी न्यायची. आमच्या अर्ध्या तक्रारी त्या डब्याने मिटल्या.

*दुसरी पायरी, संशयित मॅचअप समोरासमोर.* दोघांना बसवा, २० गेम. दहा साईडबोर्डाशिवाय, दहा साईडबोर्डासह, आणि प्रत्येक दहांच्या मध्यावर डेक बदलायचे. वीस गेमची सूट २२ टक्के असते, म्हणून इथून टक्केवारी काढू नका. *कोणत्या कार्डामुळे* खेळ हातातून जातो, ते बघा.

*तिसरी पायरी, वेळ.* अडचण लांबणाऱ्या टर्नची असेल तर घड्याळ काटेकोर पाळा. ५० मिनिटं, चालू टर्न, मग पाच जादा टर्न, संपलं. पुष्कळदा एवढ्याने भागतं.

*चौथी पायरी, बॅन.* एकच कार्ड, आणि तेही नीट निवडून. चुकीचं कार्ड काढल्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे होगाक या कार्डाभोवतीचा डेक. जुलै २०१९ मध्ये मॉडर्नमधून ब्रिज फ्रॉम बिलो काढलं, डेकने कूस बदलली आणि तो तसाच बोकाळला. शेवटी ऑगस्टमध्ये खुद्द होगाकच काढावा लागला. दुसऱ्या पायरीतल्या वीस गेमच्या नोंदीत जे कार्ड सारखं सारखं येतं ते काढा, सगळ्यात महाग किंवा सगळ्यात चिडवणारं नव्हे.

डेक मारायचा नाही, त्याचा कळीचा खिळा काढायचा. जानेवारी २०२२ मध्ये पॉपरच्या अधिकृत बॅन यादीत अफिनिटीतला एटॉग गेला, त्याच्यासोबत प्रोफेटिक प्रिझम आणि बॉन्डर्स ऑर्नमेंट. आर्टिफॅक्ट लँड मात्र ठेवले. अफिनिटी मेली नाही, आजही खेळली जाते. एखादं कार्ड नव्याने कॉमनमध्ये उतरलं तर त्याच्यावर आधी नजर ठेवा. मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर २०२२ च्या डबल मास्टर्समध्ये कॉमन झालं आणि मे २०२३ मध्ये पॉपरमधून गेलंसुद्धा.

*सावध :* दोन कार्डं एकदम काढलीत तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. अधिकृत समितीकडे हजारो सामने असतात, ती एकदम तीन काढू शकते. तुमच्याकडे १९२ आहेत.

टप्पा १० : बॅनवर तारीख टाका

बॅन लिहितानाच त्याची संपायची तारीख लिहा. आम्ही बारा रविवार धरतो. मधल्या काळात तीच चिठ्ठी, तीच नावं, तीच निवडानिवड चालू ठेवा. ज्याचा डेक मोडला त्याला नव्या डेकसाठी सामायिक डब्यातून कार्डं द्या, कारण तो माणूस गेला तर बाराचे अकरा होतात, दर फेरीला कुणालातरी बाय द्यावी लागते आणि मोजणी आणखी बारीक होते.

बारा रविवारांनी तीन शक्यता असतात. वाटा आणि प्रमाण खाली आले, तर बॅन आणखी बारा रविवार. काहीच फरक पडला नाही, तर कार्ड चुकलं. ते परत आणा आणि दुसऱ्या पायरीवर जा. आणि कुणी मोजणीच केली नाही, वही हरवली, चिठ्ठ्या कुणाच्या तरी स्कूटीच्या डिकीत राहिल्या, तर कार्ड आपोआप मोकळं, त्यावर मतदान नाही. अधिकृत यादीतही कार्डं परत येतात. वर सांगितलेलं प्रोफेटिक प्रिझम २०२५ मध्ये पुन्हा चाचणीसाठी खुलं झालंच.

वही कुणाकडे राहील ते मात्र पहिल्याच रविवारी ठरवा. आमची सध्या कार्डांच्या सामायिक डब्यातच असते, झाकणाच्या आत रबरबँड लावून.